धरणाच्या तळाशी बोललेलं

नागपुरात कुणाला सांगितलं की मी पाणबुड्या आहे, तर तो आधी हसायचा आणि मग विचारायचा, "पण बापा, इथं समुद्र कुठं आहे?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे डोकंच फिरायचं. समुद्र नाही, कबूल. धरणं तर आहेत! धरणाला दरवाजे असतात, दरवाज्याला रबराची पट्टी असते, ती पट्टी फाटते, आणि फाटली की कुणाला तरी खाली जाऊन बघावं लागतं. तो कुणीतरी म्हणजे मी. यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

हे काम मी नौदलात शिकलो. तिथली वर्षं पुरी करून परत आलो, प्रताप नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि धरणांची तपासणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो. शेजाऱ्यांना माझा उपयोग एवढाच, की विहिरीत बादली पडली की हाक मारायची. एकदा मागच्या गल्लीतल्या बाईची नथ पडली. गळ टाकून नथ थोडीच निघते! मी उतरलो, पाऊण तास गाळ चाळला आणि काढून दिली. तिनं वाटीभर चिवडा दिला आणि वर विचारलं, "भाऊ, खाली भुतं नाही का जी दिसत?" मी नाही म्हणालो आणि घरी आलो. यापेक्षा जास्त बोलणं मला जमत नसे.

लग्न भिवापूरच्या मुलीशी झालं होतं. तिच्या वडिलांची मिरचीची शेती. ती बोलकी, म्हणजे किती बोलकी, तर पाव किलो वांगी आणायला जायची आणि भाजीवाल्याच्या तिन्ही पोरींची कुठं कुठं सोयरीक झाली ते घेऊन यायची. आणि मी घुमा. ती विचारायची, "भाजी कशाची करू?" मी म्हणायचो, "कर कशाचीही." ती विचारायची, "ही साडी कशी दिसते?" मी म्हणायचो, "बरी आहे." मग ती समोर येऊन उभीच राहायची आणि म्हणायची, "तुमाले काय वाटते, ते तं सांगा जी!"

मला पुष्कळ वाटायचं. ती आवडायची, फार आवडायची, ती साडीही आवडलेली असायची. पण ती अशी उत्तराची वाट बघत उभी राहिली की मला उगाच तिचाच राग यायचा. मग मी पेपर उचलायचो. वाचलेलाच पेपर परत वाचायचो.

चार वर्षं तिनं असं काढलं. एक दिवस मी कामावरून आलो तर ती पेटी भरून खाटेवर बसलेली. रडलेली नव्हती, चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "मी भिवापूरले चालली. भांडण नाही काही आपलं. पण चार वर्षं भिंतीशी बोलली असती, तं पोपडा तरी पडला असता. तुम्ही बोलाले लागले की न्याले या."

मी पेटी उचलून तिला एसटीत बसवून दिलं. खिडकीशी उभा राहिलो. थांब म्हणायचं होतं. ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली आणि मी सायकल घेऊन घरी आलो.

त्यानंतर दोनदा भिवापूरला जाऊन आलो. दोन्ही वेळा सासऱ्यांनी पावसापाण्याचं विचारलं, मी ठीक म्हणालो, जेवलो, परतलो. ती वाढायला यायची, माझ्याकडे बघायची, आणि काय बघायचं ते बघून आत जायची. दुसऱ्या खेपेला तर तिनं ताट उचलताना नुसती मान हलवली. अशी दोन वर्षं गेली.

याच काळात ठेकेदारानं व्हिडिओ कॅमेरा आणला. त्याआधी तपासणी म्हणजे मी खाली जायचं, हातानं चाचपून यायचं आणि वर येऊन सांगायचं. पाटबंधारे खात्याचे साहेब विचारायचे, "फाटलं म्हणता, पण किती फाटलं?" मी म्हणायचो, "फाटलं." साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. तेव्हा रंगीत टीव्ही घरोघर यायला लागले होते, व्हीसीआर भाड्यानं मिळत होते, आणि सरकारी खात्यालाही वाटायला लागलं की आपण आपले दरवाजे टीव्हीवर बघावेत.

कॅमेरा अॅल्युमिनियमच्या डब्यात बंद, पुढे जाड काच, बाजूला दोन दिवे. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा. त्या मुखवट्यात माइक बसवलेला. कॅमेऱ्याची आणि माइकची तार वर नावेत जायची. तिथं छोटा टीव्ही, टेप करणारं मशीन आणि एक भोंगा. चित्र टीव्हीवर दिसायचं, माझा आवाज भोंग्यातून यायचा. म्हणजे पाणबुड्यानं बघता बघता बोलत जायचं: दरवाजा नंबर अमुक, डावी बाजू, इतकं फाटलं. माझ्यासारख्या माणसाच्या गळ्यात बोलण्याचं काम पडलं होतं! आली का पंचाईत!

नावेत माझा दोर धरायला एक जण असायचा. पाणबुड्याचा जीव त्या दोरावर असतो. एक हिसका म्हणजे ठीक आहे, तीन हिसके म्हणजे ओढा. हा माणूस आधी हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होता, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, आणि त्याच्या तोंडाला टाळा नव्हता. माझ्या घरची सगळी कथा त्याला माहीत होती. मी सांगितली नव्हती. त्यानं ती माझ्या डब्यावरून ओळखली. "रोज पोहेच कोण आणते बे? बायको घरी नसलेला माणूसच आणते."

हिवाळ्यात एका मोठ्या धरणाचं काम निघालं, कॅमेऱ्यासकटचं पहिलंच. पाच दरवाजे, दोन दिवस. पहिल्याच दिवशी नावेत पाणी उडालं आणि भोंगा बंद पडला. फिटरनं उघडून बघितला, फुंकला, उन्हात ठेवला, शिव्या दिल्या. भोंगा ढिम्म. नवा यायला महिना लागला असता. टीव्हीवर चित्र तर नीट येत होतं. शेवटी ठरलं की आवाजावाचून काम करायचं, जुन्या पद्धतीनं दोरावर. मला तर बरंच वाटलं. सुटलो म्हटलं.

आणि मी खाली गेलो. वरचं दोन पुरुष पाणी हिरवं असतं, त्याखाली बिनदुधाच्या चहासारखं, आणि त्याखाली काहीच नाही. दिव्याच्या उजेडात हातभर दिसतं, त्यापलीकडे काळोख. थंडी अशी की दात वाजतात. फाटलेल्या रबराजवळ गेलं की पाणी हाताला धरून ओढतं. तिथं फार वेळ थांबायचं नसतं. लोकांना वाटतं पाण्याखाली शांत असतं. शांत कसलं! आपलाच श्वास कानात घरघरत असतो. आणि त्या सगळ्यात तुम्ही एकटे, इतके एकटे की घरातलं एकटेपण त्यापुढे गर्दी वाटावी. पण खरं सांगू का, मला खाली भीती वाटत नसे. तिथं कुणी समोर उभं राहून काही विचारत नसे.

दोन्ही दिवस काम नीट झालं. आठवड्यानं खात्याच्या कचेरीत ती टेप लावली. साहेब, त्यांच्या हाताखालचे चार इंजिनिअर, चहा घेऊन आलेला चपराशी, फिटर आणि मी. टीव्ही मोठा, चांगला, आवाजाचा. कुणीतरी बटण दाबलं आणि पडद्यावर गढूळ पाणी यायच्या आधीच माझा आवाज आला.

भोंगा मेला होता, माइक मेला नव्हता. माइकची एक तार भोंग्याला जायची आणि एक टेपच्या मशीनला. हे आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही. फिटरच्या नाही, माझ्या नाही.

"दरवाजा नंबर एक," टीव्हीतला मी म्हणालो. "डावी बाजू ठीक आहे. आता इकडे पाय वं. हे पाय, इथं फाटलं. चांगलं वीतभर फाटलं, अन् साहेब म्हणन टीचभर."

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. मला आधी कळेचना की हे कोण बोलतंय.

"अन् हा मासा पाय वं, कसा डोळे वटारून पाहून राहिला. तुह्या मावशीवानी."

आता सगळेच हसले. चपराश्याचा ट्रे हिंदकळला. पडद्यावर मासा खरंच डोळे वटारून बघत होता.

"तुले थंडी वाजून राहिली काय? मले तं लय वाजते. हे एवढं पाहू अन् मंग जाऊ वर."

माझ्या अंगावरचे कपडे कुणी भर बाजारात उतरवले असते तरी परवडलं असतं. देवाशपथ सांगतो, मी बोलतो हे मला माहीतच नव्हतं. आठवत होतं ते इतकंच, की खाली काही दिसलं की मनात येतं, हे तिला दाखवायला पाहिजे. ते मनातलं तोंडावाटे बाहेर पडतंय, गेली दोन वर्षं पडत असेल, याचा मला पत्ता नव्हता. एका इंजिनिअरनं विचारलं, "कोणाशी बोलून राहिले होते बावा?" मी म्हणालो, "कोणाशी नाही." साहेबांनी उठून आवाज बंद केला. "चित्र पाहा, चित्र. रबर पाहायले बसलो आपण." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पाचवा दरवाजा संपला तशी त्यांनी टेप थांबवली.

पण टेप तिथं संपली नव्हती. खोल पाण्यातून एकदम वर येता येत नाही, रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि माणूस जायबंदी होतो. म्हणून वर येताना दहा फुटांवर दोर धरून दहा मिनिटं लटकत राहायचं असतं. तिथं बघायला काही नसतं, करायलाही काही नसतं. कॅमेरा हातात तसाच चालू होता.

हा भाग फिटरनं शोधून काढला. त्यानं साहेबांकडून टेप मागून घेतली, मला ओढत एका ओळखीच्या व्हिडिओच्या दुकानात नेलं. दुकानदार जेवायला गेलेला. पडद्यावर नुसतं हिरवं पाणी, त्यात एक दोर. आणि माझा आवाज.

"तू गेली तरी मी चहा दोन कपाचाच टाकतो वं. अंदाज जमत नाही कमीचा. एक पितो, एक मोरीत जाते. तुह्या घरची मिरची संपली. बाजारातून आणली, तं नुसता लाल रंग." मग बराच वेळ श्वासाची घरघर. "तू विचारत होती न, तुमाले काय वाटते म्हणून. मले भेव वाटते. इथं नाही वाटत, घरी वाटते. तू विचारलं की मले वाटे, मी काहीतरी भलतं बोलीन अन् ही जाईन सोडून. म्हणून नाही बोललो. अन् तू गेलीच."

टेप खरखरली आणि संपली. फिटरनं टेप बाहेर काढून हातात धरली. मग म्हणाला, "हे तिले ऐकव गा."

"काहून?"

"काहून म्हणून विचारते! अबे, याच्यासाठीच तं ती गेली घर सोडून!"

त्यानं दोन मशीनं जोडून तिथल्या तिथं टेपची नक्कल काढली आणि माझ्या पिशवीत कोंबली. पहिल्यांदा मला लाज वाटली. मग प्रताप नगरात घरी येईस्तोवर हलकं हलकं वाटायला लागलं. मला जे चार वर्षांत बोलता आलं नाही ते सगळं त्या डबीत होतं, माझ्याच आवाजात. ती म्हणाली होती, बोलायला लागलात की न्यायला या. हे घ्या, बोललो! आता मला काही करायचं नव्हतं. नुसतं बटण दाबायचं होतं. त्या रविवारी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि भिवापूरची एसटी धरली. दोन माणसांची परतीची जागा मिळेल की नाही, याचीसुद्धा चिंता मी बसमध्ये करून घेतली.

भिवापुरात मिरची तोडून झाली होती. गावात शिरलं की डोळे चुरचुरायचे. स्टँडसमोरच्या दुकानातून व्हीसीआर भाड्यानं घेतला आणि काखेत धरून सासुरवाडीला गेलो. अंगणात लाल मिरची पसरलेली, आणि ती ओसरीवर देठ खुडत बसलेली. मला बघून उठली. हात मिरचीचे म्हणून ते लांब धरून उभी राहिली.

"काय आणलं जी?"

"पाय," मी म्हणालो.

सासरे टीव्हीच्या खोलीतून उठून शेजारी निघून गेले. जाताना दार ओढून घेतलं. ती हात धुऊन आली आणि चटईवर बसली. मी तारा जोडल्या, कॅसेट घातली आणि भिंतीला टेकून तिच्यामागे बसलो.

"आता इकडे पाय वं," टीव्हीतला मी म्हणालो, आणि ती एकदम पुढे सरकली. माशाच्या वेळी खळखळून हसली. "मावशीले सांगते मी!" म्हणाली. माझ्याकडे वळून नाही, टीव्हीकडे बघून म्हणाली. पुढे टीव्हीनं विचारलं, "तुले थंडी वाजून राहिली काय?" आणि ती म्हणाली, "नाई जी. तुम्ही या लौकर वर." एका ठिकाणी दिव्याच्या उजेडात बुडालेल्या विहिरीचं तोंड दिसलं. "पाण्यात विहीर, गंमत पाय," मी सांगत होतो. तिनं विचारलं, "कोणाची होती?" टीव्हीनं उत्तर दिलं नाही. मला माहीत होतं कुणाची ते. धरणावरच्या नावाड्यानं सांगितलं होतं. मी मागे बसून होतो आणि मी सांगितलं नाही.

मग ते हिरवं पाणी आलं आणि दोर. चहाचं आलं, मिरचीचं आलं. तिनं उत्तरं देणं बंद केलं. भीतीचं आलं तेव्हा तिची पाठ हलत होती. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. आता ही पेटी भरायला उठेल.

टेप संपली. ती उठली, टीव्ही बंद केला, पदरानं तोंड पुसलं. पदराला मिरची लागलेली असणार, डोळे आणखीच लाल झाले. मग माझ्या अगदी समोर येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी समोर.

"आता बोला," ती म्हणाली.

मी कॅसेटकडे बोट दाखवलं.

"ते ऐकलं मी. ते तुम्ही तिच्याशी बोलून राहिले, त्या पाण्यातलीशी. तिले तोंड नाही म्हणून तिच्याशी जमते तुमाले. मी बसली न इथं. मले सांगा. सगळं नका सांगू, एक सांगा. चहाचंच सांगा."

चहाचं! त्यात काय होतं सांगण्यासारखं अवघड? मी दोन कप टाकतो. चारच शब्द. ती वाट बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, चार वर्षांत पाहिली नव्हती इतकी माया होती, आणि त्यानं तर मला आणखीच काही सुचेना. अंगणात कोणीतरी मिरची पालथी करत होतं, त्याचा आवाज येत होता. ती हललीसुद्धा नाही. शेवटी माझं तोंड उघडलं.

"एसटी साडेचारची आहे," मी म्हणालो.

तिनं एकदा डोळे मिटले आणि उघडले. "निघा मंग," ती म्हणाली. "एसटी चुकन."

मी व्हीसीआर काखेत घेतला, दुकानात परत केला आणि स्टँडवर येऊन बाकावर बसलो. तिचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. एसटी त्या दिवशी दीड तास उशिरा आली.